आईच्या साडीचा काठ

फोटोग्राफीवर लिहावं एवढं मला कळत नाही, त्याची आधीच माफी मागतो. पण आज वारज्यात शेजारच्या दोरीवर निळीचा वास येणारी पांढरी साडी वाळत होती, आणि एक जुनी दुपार आठवली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई यवतमाळहून मला भेटायला आली, तेव्हा बुद्धपौर्णिमेला नेसायची पांढरी साडी नेसून आली. मित्राच्या डिजिटल कॅमेऱ्यावर मी तिचा फोटो काढला. साडीचा निळा काठ सुरेख आला, चेहरा मात्र काळवंडला.

"एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो," मित्र म्हणाला. "एक्स्पोजर वाढव, उजेड जास्त येऊ दे. साडी जाऊ दे, चेहरा घे."

पुढच्या फोटोत आईचा चेहरा उजळला, अगदी डोळ्यांतलं हसूसुद्धा दिसलं. साडी मात्र उजेडात विरून गेली.

आईने स्क्रीन पाहिला. "माह्या साडीचा काठ कुठी गेला?"

"अगं, तुझा चेहरा आला ना!"

"तोंड तं रोजचंच हाये, बाबू."

म्हणून तिला काठ दिसणारा पहिलाच फोटो छापून दिला. तो तिने घरी भिंतीवर लावला.

पुढे मला नोकरी लागली. एका सकाळी गावाहून दादाचा फोन आला. आई गेली होती. मग तो म्हणाला, "भिंतीवरच्या फोटोत तिचं तोंडच दिसत नाही रे. तुह्याजवळ दुसरा हाये का?"