व्याह्यांच्या पुढे

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात पंचांग बघून धावायला जाणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या लेकीचा सासरा आहे. कुणाला शंका असेल त्याने खुशाल दुसरा शोधून आणावा. आमचे व्याही मूळचे दाभोळचे, उभा जन्म बोटीवर काढलेले, आणि डांबरी रस्त्यावर धावणं त्यांना मुळीच मान्य नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागून वाळू ओली आणि टणक झाली की धावायचं, हा त्यांचा नियम. आता ओहोटी काही आपल्या सोयीने लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला ती सकाळी सहाच्या सुमारास असते, इथवर ठीक. पण रोज पाऊण तास पुढे सरकत ती अष्टमीला भर दुपारी बारावर येते, आणि बारा तर बारा, आमचे व्याही डोक्याला ओला पंचा गुंडाळून हजर. माझ्या पुतण्याच्या मुंजीत त्यांनी भटजींच्या हातातलं पंचांग मागून घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, मुहूर्ताबद्दल काही शंका असेल. ते पान उलटून म्हणाले, "अरे, आज षष्ठी! म्हणजे साडेदहा!" आणि मांडवातून थेट किनाऱ्यावर गेले. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या संसारात हा हात बराच वेळ कपाळावरच असतो.

त्यांच्या उजव्या गुडघ्याला ते 'आमचे साहेब' म्हणतात. "साहेब आज रागावलेत," "साहेबांना काल तेल लावलं, आता कामाला येतील," असं चारचौघांत बोलतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस निवृत्त झाला तरी कुणाची तरी चाकरी करतोय. पण साहेब खरोखरच थकले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वैशाखात गुडघा बदलायचा. नंतर हवं तेवढं चाला, धावायचं मात्र नाव काढू नका. आणि व्याह्यांची इच्छा एकच होती. त्याआधी एकदा तरी पाच किलोमीटर तीस मिनिटांत धावायचे. पुलाच्या बाजूपासून सुरूच्या बनापर्यंत आणि परत, अशा दोन खेपा. त्यांची सर्वांत चांगली वेळ एकतीस मिनिटं चाळीस सेकंद. "चाळीस वर्षं बोट सांगेल तेव्हा उठलो, बोट सांगेल तेव्हा जेवलो," ते मला म्हणाले, "एवढं एक माझ्या मनासारखं होऊ दे. एकटा माणूस ढिला पडतो हो. शेजारी कुणी धापा टाकत असला की पाय आपोआप उचलतात. तुम्ही या."

मी कुंभार्ली घाटाखाली पोफळीला वीज प्रकल्पात नोकरी केली, तिथल्या वसाहतीत चढ-उतार करून पाय चांगले घट्ट झालेले. निवृत्तीनंतर रत्नागिरीत घर घेतलं होतं. मी गेलो. आणि तिथेच माती खाल्ली. कारण मी मुलीचा बाप. लेकीच्या लग्नात आमच्या काकांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, मुलाकडच्यांच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. ते बोहल्यापुरतं होतं की किनाऱ्यालाही लागू होतं, हे मी विचारलं नव्हतं. मी आपला त्यांच्यामागे दोन पावलं राहून धावायचो. माझे पाय नुसते शिवशिवत असायचे, पण लेकीला उद्या कुणी बोललं तर? व्याही मधूनमधून वळून बघायचे आणि मला वाटायचं, मी मागेच आहे ना याची खात्री करून घेतायत. मग मी आणखी एक पाऊल मागे व्हायचो. सहा महिन्यांत आमची वेळ एकतीसवरून चौतीसवर गेली. दोष आम्ही वाऱ्याला दिला, बुटांना दिला, आणि साहेबांना तर रोजच दिला.

एका रविवारी लेक चहाचा थर्मास घेऊन किनाऱ्यावर आली. वाळूत बसून तिने आमच्या दोन्ही खेपा पाहिल्या, आणि आम्ही परत आलो तेव्हा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, तुम्ही मुद्दाम मागे का राहता? आणि अण्णा, तुम्ही सारखे वळून हळू का होता?"

मी चाचरत खरं ते सांगितलं. व्याही माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, मी तुमच्यासाठी थांबत होतो! म्हटलं, घाटातला माणूस, वाळूची सवय नाही. लेक दिलेल्या माणसाला मागे टाकून जायचं कसं?"

लेक पोट धरून हसली. मीही हसलो असतो, पण व्याही खाली वाळूत बसले. "सहा महिने गेले हो," ते हळूच म्हणाले. "आता सव्वीस दिवस राहिलेत." मला इतकी लाज वाटली की थर्मासचं झाकण धरून मी नुसता उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं. "वाळूवर तुम्ही माझे कुणी नाही. लेक दिली नाही, काही नाही. पुढे पळायचं!" सांगणं सोपं असतं. पहिल्यांदा त्यांना ओलांडताना माझ्या तोंडून "माफ करा हं" निघालंच. मागून गर्जना झाली, "माफी कसली मागता? पळा!" पुढे ते बोटीवरच्या अस्सल शिव्या देऊ लागले. विहीणबाईंसमोर मला 'भाऊसाहेब' म्हणणारा हा माणूस वाळूवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. वेळ उतरू लागली. तेहतीस, बत्तीस, एकतीस. एकदा तर तीस मिनिटं चाळीस सेकंद.

शेवटचा दिवस शुद्ध द्वितीयेचा होता, ओहोटी साडेसातची. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. त्या दिवशी शिव्या आल्या नाहीत. मागून फक्त पावलांचा आवाज आणि धाप. मी वळून पाहिलं नाही, जीव खाऊन पळालो. पोचून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. तीस मिनिटं झाली तेव्हा ते अजून तीस-चाळीस पावलांवर होते, उजवा पाय ओढत, पण धावत. ते आले आणि त्यांनी माझा खांदा धरला.

"किती?"

चष्म्याशिवाय त्यांना घड्याळ दिसत नव्हतं. एकोणतीस पन्नास म्हणालो असतो तर कुणाला कळणार होतं? ओठांवर आलं होतं.

"तीस मिनिटं अकरा सेकंद," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले.  मग म्हणाले, "खरं सांगितलंत?"

"खरं."

"बरं केलंत," ते म्हणाले आणि तसेच माझ्या खांद्यावर भार टाकून उभे राहिले. दोघांचेही डोळे भरले होते. मुलीच्या बापाने असं रडू नये, पण रडलो.

याला चार महिने झाले. ऑपरेशन चांगलं झालं, व्याही आता फाटकापर्यंत जाऊन येतात. मी एकटा धावतो आणि त्यांच्याकडे जाऊन वेळ सांगतो. काल तेहतीस सांगितली तर भडकलेच. "मी नाही म्हणून ढिले पडलात!"

"हो," मी म्हणालो. "तुमच्याशिवाय तिथे जायला मन होत नाही. तुमची फार आठवण येते हो."

 ते नव्या गुडघ्यावरून हात फिरवत खिडकीबाहेर बघत राहिले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अगं, व्याह्यांना चहा टाक. आज ते थोडे बसतील माझ्यापाशी."