साखरेच्या वाटचं मीठ

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मी तेव्हा नर्स होते. उन्हाळा सरत आला की नाशिकच्या आमच्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात जुलाबाच्या पोरांची रीघ लागायची. एका खाटेवर दोन-दोन मुलं आणि खाली फरशीवर त्यांच्या आया. बहुतेक घरांची एकच तऱ्हा. मुलाला जुलाब लागले की पाणी बंद. पाणी दिलं तर आणखी होतात, असं त्यांचं ठाम मत. डोळे खोल गेलेलं, टाळू बसलेलं मूल हातात आलं की माझा पारा चढायचा. तोंड माझं मुळातच फटकळ. ‘माठ गळायला लागला म्हणून तू पाणी भरायचं सोडतेस का गं?’ असं मी भर वॉर्डात विचारायचे. बायका खाली मान घालायच्या आणि मला आपण फार मोठं काम करतोय असं वाटायचं.

साखर-मिठाच्या पाण्याचं शिक्षण तेव्हा आम्हाला नुकतंच मिळालं होतं. सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या लोक रॉकेलसाठी मागून न्यायचे. त्याच दोन बाटल्या भरून उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर आणि तीन बोटांत मावेल तेवढं मीठ. घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला मी हे पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवायचे.

सुरगाण्याकडची एक बाई होती, वीस-बावीस वर्षांची. तिची दीड वर्षाची मुलगी सलाईन लावून बरी झाली, उठून बसली, खाटेच्या कठड्याला धरून उभी राहायला लागली. त्यांना घरी सोडायचं त्या दुपारी माझी ड्यूटी संपत आली होती. माझ्या स्वतःच्या मुलाला गोवर निघाला होता. नवरा सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला, मूल शेजारणीकडे. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला स्वतःचं तापलेलं मूल टाकून यायचं, याचा मला त्या दिवशी संताप येत होता. बस चुकू नये म्हणून मी पाढे भरभर म्हटले, दोन बाटल्या तिच्या हातात दिल्या आणि विचारलं, ‘कळलं ना?’

‘हां बाई,’ ती म्हणाली.

आठव्या दिवशी ती परत आली. आधी जीप, मग एसटी, असं करत मुलीला छातीशी धरून. जुलाब पुन्हा लागले होते. मुलीची जीभ कोरडी ठणठणीत होती, ती अंगाला हात लावू देत नव्हती, आणि टेबलावर ठेवता ठेवताच तिला झटका आला. काय पाजलंस, असं डॉक्टरांनी विचारताच तिनं पिशवीतून आमचीच बाटली काढली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी बोटावर घेऊन चाखलं. लोणच्याच्या खारासारखं होतं.

‘साखर नव्हती घरात,’ ती म्हणाली. ‘मंग तिच्या वाटचं बी मीठच घातलं. तान लय लागली व्हती तिला, मागंल तसं पाजलं.’

डॉक्टर भडकले. ‘मारायला निघालीस का पोरीला? अडाणीपणाला काही हद्द!’ सगळा वॉर्ड ऐकत होता. केसपेपरवरही तसंच लिहिलं गेलं, आईने चुकीचे पाणी पाजले. मी हातात ट्रे घेऊन शेजारी उभी होते. घरात साखर असते का, हे मी तिला विचारलं नव्हतं. माझ्यासमोर एकदा पाणी करून दाखव, असं म्हटलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं. एरवी बंद न होणारं माझं तोंड तेव्हा उघडलं नाही.

अंगातलं मीठ सावकाश उतरवायचं होतं. घाई केली असती तर मेंदूला सूज आली असती. तीन दिवस मी त्या सलाईनचे थेंब मोजत होते. मधे आणखी एक झटका येऊन गेला. चौथ्या दिवशी सकाळी पोरगी डोळे उघडून खणखणीत रडली आणि वॉर्डातल्या आयाबाईंच्या हातून वाटीभर पाणी प्यायली. मला रडू आवरेना.

पण आई वाटीला हात लावेना.

‘माझ्या हातानं नको, बाई. तुमीच पाजा.’

मी आधी रागावले, मग समजावलं. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. आता मला खरी भीती वाटली. ही अशीच घरी गेली आणि पुन्हा जुलाब लागले, तर ही मुलीला थेंबभर पाणी देणार नाही. मग मुलगी आमच्यापर्यंत पोचणारही नाही.

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. ‘तुझी चूक नाही,’ म्हटलं. ‘माझी आहे. साखर नसेल तर काय करायचं, ते मी सांगितलंच नाही. पाणी चाखून बघ, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर फेकून दे, हेही सांगायला हवं होतं. मला घरी जायची घाई होती.’

तिनं मान वर केली. ‘मंग डाक्टर मला बोलत व्हता, तवा तुमी का नाय बोलल्या?’

‘घाबरले,’ मी म्हणाले.

तिनं मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, ‘गूळ असतो आमच्या घरात. त्यो चालंल का?’

चालतो, म्हटलं. आयाबाईंनी गूळ आणून दिला. तिनं पदरातून हात काढले, माझ्यासमोर पाणी केलं, ढवळलं, एक घोट घेतला, थांबली, पुन्हा एक घेतला. मी चाखून बघायला हात पुढे केला. तिनं वाटी माझ्यापासून लांब धरली आणि मुलीला मांडीवर ओढून पाजायला लागली.