ठाण्याच्या आवारात उभी राहिलेली गाडी

मी लिहायला बसावं एवढी माझी पात्रता नाही, म्हणून वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो. पंचनामे आणि जबाब पुष्कळ लिहिले, पण ते लिखाण वेगळं. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मुलगाही बारावीवरूनच भरती झाला. निवृत्तीनंतर बायकोने हट्टाने मला बी.ए.ला नाव घालायला लावलं. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, तुम्हाला जे माहीत आहे तेच लिहा. मला आधी वाटलं, एखादा यशस्वी तपास लिहावा. तसे दोन-चार आहेत. पण वही उघडली की दुसरंच आठवतं, आणि ते डोळ्यांपेक्षा कानांना जास्त आठवतं.

तेव्हा माझी नेमणूक मुळशी तालुक्यात होती. थंडीचे दिवस होते. मुठा खोऱ्यातल्या रस्त्यावर सकाळी सहाच्या सुमाराला एका मेंढपाळाची बायको गाडीखाली सापडली. ती कळपाच्या पुढे चालत होती आणि नवरा मागे होता. धुकं इतकं होतं की त्याला स्वतःची पुढची मेंढरंसुद्धा दिसत नव्हती. गाडी मागून येऊन त्याच्या शेजारून गेली, पुढे धडक बसली, गाडी क्षणभर थांबली आणि निघून गेली. बाई जागेवरच गेली.

मी पोचलो तेव्हा तो तिच्या अंगावर स्वतःची घोंगडी घालून शेजारी बसला होता. मेंढरं रस्ताभर पांगली होती आणि दोन्ही बाजूंची वाहतूक अडली होती, पण कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. गाडी कोणती, असं मी विचारलं. पांढरी होती, एवढंच त्याने पाहिलं होतं. नंबर त्याला वाचता आला नसता आणि धुक्यात दिसलाही नसता. थोड्या वेळाने तो आपण होऊन म्हणाला, "आवाज सांगू का?"

मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पण त्याने सांगितलं, की गाडीच्या चाकांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, जातं फिरल्यासारखा घुमत होता. हा माणूस धुक्यात घंटेच्या आवाजावरून कोणती मेंढी कुठे आहे ते सांगायचा. त्याच्या कानांवर मी विश्वास ठेवायला हवा होता, आणि पुढे ठेवलाही. पण अर्धाच ठेवला. माझी चूक तिथेच झाली.

पांढऱ्या गाड्या आमच्या भागात हजारोंनी. हिंजवडीच्या कंपन्यांना लावलेल्या बहुतेक गाड्या पांढऱ्याच. मी गॅरेजवाले आणि पंक्चरवाले यांना निरोप ठेवले, की दिवा किंवा बंपर फुटलेली, किंवा चाकं घुमणारी गाडी आली तर कळवा. तिसऱ्या दिवशी महाळुंग्याच्या एका टायरवाल्याचा फोन आला. बंपर फुटलेली गाडी त्याच्याकडे आली नव्हती. पण अपघाताच्याच दिवशी दुपारी एक ड्रायव्हर पांढरी गाडी घेऊन आला होता आणि त्याने चारही चाकांची अदलाबदल करून घेतली होती. पुढची मागे, मागची पुढे. मागचे टायर घासून त्यांवर लाटा पडल्या होत्या आणि गाडी घुमत होती, असं टायरवाल्याने सांगितलं.

त्या गाडीचा दिवा-बंपर धड होता, तरी मला एवढं पुरेसं वाटलं. ड्रायव्हर मुठा खोऱ्यातलाच निघाला. रोज पहाटे त्याच रस्त्याने हिंजवडीला जायचा. वय तिशीच्या आत. विहाराच्या मागे दोन खोल्यांचं घर, म्हातारा बाप, बायको आणि ही एक गाडी. आम्ही गेलो तेव्हा बाप दारात आला, "जय भीम साहेब, बसा" म्हणाला आणि आत चहा टाकायला सांगायला वळला. चहा होईपर्यंत मी त्याच्या मुलाला जीपमध्ये बसवलं होतं.

मी त्याला हात लावला नाही. ही गोष्ट मी पुढे अनेक वर्षं मोठेपणाने सांगायचो. पण दिवसभर उभं ठेवलं. प्रश्न एकच होता, चाकं त्याच दिवशी का फिरवलीस?

"दहा हजार झालं होतं साहेब."

"कसले दहा हजार?"

"किलोमीटर. दर दहा हजाराला मी फिरवतो. नाय फिरवली तर एकाच अंगाला घासत्यात, मग आवाज करत्यात. ह्या टायमाला थोडा उशीरच झाला. डायरीत लिवलंय बघा."

मी म्हणालो, पुरावा नष्ट करणारा प्रत्येक जण काहीतरी दाखवतोच. तो समजावू लागला. लाटा पडलेला टायर सारखा घुमतो आणि वेग वाढला की आवाज वाढतो. चाकांची जागा बदलली तरी आवाज जात नाही, फक्त मागचा पुढे येतो. लपवायचं असतं तर नवे टायर टाकले नसते का, असं त्याने मला विचारलं. बोलणं बरोबर होतं. पण आरोपी बरोबर बोलला की आम्हाला तो जास्त हुशार वाटतो, आणि हुशार वाटला की जास्त संशयित वाटतो. खात्यातली ही जुनी खोड आहे, आणि मी काही वेगळा नव्हतो.

डायरी गाडीतच सापडली. पंचनाम्यात ती 'एक जुनी डायरी, निरुपयोगी' अशी लिहिली गेली. मी ती उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेंढपाळाला बोलावलं आणि त्याच रस्त्यावर त्याच्यासमोरून ती गाडी चालवली. तो रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभा होता. गाडी गेल्यावर म्हणाला, "आवाज असलाच हाय. पर त्या गाडीचा थांबत थांबत यायचा. टप-टप, टप-टप. हिचा नुस्ता घुमतोय."

मी म्हणालो, "वेग वेगळा असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. बायको जाऊन चार दिवस झाले होते आणि समोर गणवेशातला माणूस होता. "आसंल," तो म्हणाला.

आमच्या लेखनिकाने जबाब लिहिला: 'सदर वाहनाचा आवाज ऐकून तो घटनेवेळच्या वाहनाचाच असल्याबाबत माझी खात्री झाली आहे.' आमची जबाबाची भाषा अशीच असते. त्या भाषेत 'पर' बसत नाही. त्याला जबाब वाचून दाखवला, त्याने मान हलवली आणि अंगठा दिला. लेखनिकाला मी दोष देत नाही. मीच त्याला म्हणालो होतो, मुद्द्याचं लिही.

ड्रायव्हरला जामीन मिळाला. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली उभी राहिली. कंपनीने त्याला पोलीस केस असलेला ड्रायव्हर नको म्हणून काढून टाकलं. तो दर आठवड्याला हजेरी द्यायला यायचा, सही करायचा आणि जाताना गाडीजवळ थांबायचा. एकदा हातपंप घेऊन आला आणि चाकांत हवा भरू का म्हणून विचारलं. आमचा हवालदार त्याला म्हणाला, "अरे, गाडी काय पळून चाललीय का?" सगळे हसले. मीही हसलो. मुद्देमालाला हात लावता येणार नाही, असं सांगून त्याला परत पाठवलं.

तीन महिने गेले. गाडी सुपुर्दनाम्यावर परत द्यावी असा कोर्टाचा हुकूम घेऊन तो एका सकाळी आला. योगायोग असा, की मेंढपाळही त्या दिवशी आला होता. बायकोच्या मृत्यूच्या कागदांसाठी तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. ड्रायव्हरने दुसरी बॅटरी लावून गाडी सुरू केली, हवा कमी झालेल्या चाकांवरच हळूहळू कडुलिंबाखालून काढली आणि फाटकाकडे नेली.

मी टेबलाशी सही करत होतो. टप-टप, टप-टप असा आवाज आला.

मेंढपाळ बाकावरून उठला होता. हातातले कागद खाली पडले होते. "साहेब," तो म्हणाला, "ह्योच. त्या दिशी ह्योच आवाज हुता."

खरं सांगतो, पहिला क्षणभर मला बरंच वाटलं. माझाच तपास पक्का झाला असं वाटलं. मी बाहेर जाऊन गाडी थांबवायला सांगितलं आणि हा आवाज कुठून आला म्हणून विचारलं.

ड्रायव्हर खाली उतरला. चिडलेला नव्हता, थकलेला होता. "गाडी तीन महिने एका जागी उभी होती साहेब. हवा कमी झाली. टायर जमिनीला टेकतो तिथं बसतो, चपटा होतो. चाक फिरलं की तेवढाच भाग आपटतो. आठ-दहा किलोमीटर चालवली, टायर गरम झाले, की जातोय आवाज." मग म्हणाला, "रोज चालणाऱ्या गाडीला असला आवाज येत नसतो."

तो मला फक्त टायरबद्दल सांगत होता. पण त्या बाईला धडक देणारी गाडी कितीतरी दिवस उभी असलेली होती, आणि ती जवळूनच निघाली होती, नाहीतर घटनास्थळी पोचेपर्यंत तिचा आवाज गेला असता. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर चालणारी ही गाडी ती असूच शकत नव्हती. आणि हे त्या मेंढपाळाने चौथ्या दिवशीच मला सांगितलं होतं.

मेंढपाळाला ते माझ्याआधी कळलं असावं. तो ड्रायव्हरजवळ गेला आणि म्हणाला, "दादा, माज्या अंगठ्यानं तुजं वाटोळं झालं."

"मामा, तुमचं काय," ड्रायव्हर म्हणाला. "तुमची तर बाई गेली."

मी तिथेच उभा होतो. चूक माझी आहे, हे शब्द तेव्हा तोंडातून निघायला हवे होते. मी म्हणालो, "ठीक आहे, घेऊन जा गाडी."

पुढचा तपास चार दिवसांत झाला. घटनास्थळापासून चार-पाच किलोमीटरच्या आत शहरातल्या लोकांची सुट्टीची घरं आहेत. त्यांपैकी कोणाची पांढरी गाडी बंद उभी असायची, एवढंच विचारायचं होतं. तिसऱ्याच घराच्या राखणदाराने सांगितलं, "पावसाच्या आधीपास्नं शेडात उभी व्हती. त्या सकाळी सायेब निघालं तवा टप-टप वाजत व्हती. म्या बोललो बी त्येंना." मालकाने दिवा आणि बंपर शहरात बदलून घेतले होते, पण बंपरच्या आतल्या पट्टीत हिरव्या लुगड्याचा धागा अडकून राहिला होता. मालक वकिलाबरोबर आला. शिकलेला, नीट बोलणारा माणूस. म्हणाला, "मला वाटलं, मेंढी आली." मी विचारलं, गाडी क्षणभर थांबली होती ना? त्याने वकिलाकडे पाहिलं.

ड्रायव्हरचं नाव गुन्ह्यातून कमी झालं. तसा कागद मी शिपायाच्या हाती त्याच्या घरी पाठवला. स्वतः गेलो नाही. कामं होती, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. त्याला पुन्हा कंपनीत घेतलं नाही, गाडी विकावी लागली आणि तो दुसऱ्याची पिकअप चालवतो, एवढं कानावर आलं. मग माझी बदली झाली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते मोठ्या शब्दांत मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की त्यानंतर मी जबाब घेताना माणूस 'पण' म्हणाला की पेन खाली ठेवायचो आणि त्याचं संपेपर्यंत ऐकायचो. हाताखालच्या मुलांनाही तेच सांगितलं. पण ज्याच्यामुळे शिकलो, त्याला मी ते सांगितलं नव्हतं.

म्हणून हे लिहिण्याआधी त्याची परवानगी घ्यावी आणि त्याच भेटीत माफीही मागावी, असं ठरवलं. महाळुंग्यात त्या टायरवाल्याच्या जागी आता मोठी इमारत आहे. तो पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये सापडला. मी ड्रायव्हरबद्दल विचारल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, तुम्ही त्याच्या वडिलांनाच भेटा.

विहाराच्या मागचं घर तसंच आहे. म्हाताऱ्याने मला ओळखलं. "जय भीम साहेब, बसा," म्हणाला. या वेळी मी चहा येईपर्यंत बसलो.

मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. ताम्हिणी घाटात भाजीची पिकअप उतरताना पुढचा उजवा टायर फुटला. गुळगुळीत झाला होता. गाडी मालकाची होती.

म्हाताऱ्याने फळीवरून एक डायरी काढली. पंचनाम्यातली नव्हे, तिच्यानंतरची. दुसऱ्याच्या गाडीचीही तो तशीच नोंद ठेवायचा. "मला वाचाय येत न्हाई," म्हातारा म्हणाला. "सुनंनं वाचून दावलंय, पर तुमी बी वाचा."

मी शेवटचं पान वाचलं. वर-खाली तीन तारखा होत्या आणि तिन्हींपुढे एकच ओळ होती.

'पुढचा उजवा घासला आहे. मालकाला सांगितले.'