दोन मुठी जाडं मीठ

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे गेली पंचवीस-सव्वीस वर्षं फळ्यावर तोच बेडूक काढतो. बेडूक अभ्यासक्रमातून कधीच गेला, पण खडू हातात आला की माझा हात अजून आपोआप त्याच्या मागच्या पायांकडे वळतो.

माझ्या नावावर काही शोधनिबंध होते. ते कुठे छापून आले हे मी सहसा सांगत नसे. काही नियतकालिकं अशी असतात की सोमवारी लेख पाठवावा आणि बुधवारी ‘आपला अमूल्य लेख स्वीकारला आहे’ असं पत्र यावं. मधल्या मंगळवारी तो कुणी वाचला असेल, ही शक्यता फार कमी. त्यातल्या एकाने माझ्या निबंधाचं दुसरं पान दोनदा छापलं आणि तिसरं छापलंच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा सहा महिन्यांनी आलं.

पन्नाशी ओलांडली की माणसाला एकेक हट्ट सुचतो. कुणी बासरी आणतो, कुणी पहाटे पळायला लागतो. माझा हट्ट हा, की निवृत्तीआधी एक तरी निबंध पेशीविज्ञानाच्या खऱ्याखुऱ्या नियतकालिकात यायला हवा. जिथे दोन-तीन अनोळखी परीक्षक लेख ओळीओळीने वाचतात, शंका काढतात, परत पाठवतात, आणि इतकं सगळं निस्तरूनही नाही म्हणू शकतात, अशा ठिकाणी.

विषय हाताशी होता. भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे चिखलात सापडणारे खायचे लहान शिंपले. तिसरीच्या रक्तातल्या पेशींमध्ये बारीक बारीक पिशव्या असतात. त्या एक लाल रंग पोटात धरून ठेवतात. पेशी सुखात असेल तर रंग बराच वेळ आत राहतो, तिला त्रास झाला की पिशव्या गळायला लागतात आणि रंग सगळीकडे पसरतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी किती पेशी गळल्या ते मोजायचं. महागडं यंत्र लागत नाही, फक्त चिकाटी आणि बऱ्यापैकी मान लागते. माझ्याकडे चिकाटी होती.

मला बघायचं होतं ते इतकंच, की खाडीत एकदम गोडं पाणी आलं तर या पेशींचं काय होतं. त्यासाठी तिसऱ्यांचे दोन गट. एक गट अर्ध्या गोड्या पाण्यात, दुसरा नुसत्या खाडीच्या पाण्यात. हा दुसरा गट म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, ज्याला काहीच करायचं नाही असा.

तिसऱ्या मला खाडीवरच्या एक मावशी काढून देत. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्या पायानेच चाचपून सांगत, इथे आहेत, इथे नाहीत. मी मोजून मागतो याचं त्यांना हसू यायचं. “काय वो सर, खायाच्या हायत की बघायाच्या?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, थोड्या बघायच्या आणि उरलेल्या खायच्या. या एका वाक्यात माझी पुढची सगळी फजिती होती, पण ते तेव्हा कळण्याइतका मी हुशार नव्हतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्यात हवा सोडणारा एकच पंप धड चालायचा. तो गोड्या पाण्याच्या गटाला दिला. दुसऱ्या गटाला काही करायचंच नव्हतं, म्हणून तो मी रात्रभरासाठी घरी आणायचो. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिच्या माशांच्या टाकीचा पंप रिकामाच होता. न्हाणीघरात बादली, बादलीत कॅनमधून आणलेलं खाडीचं पाणी, त्यात तिसऱ्या. सकाळी हव्या तेवढ्या मोजून मी कॉलेजला न्यायचो, उरलेल्यांचं कालवण व्हायचं. असं त्या हिवाळ्यात पाच वेळा केलं.

निकाल बघून मी उडालो. गोड्या पाण्यातल्या पेशी सावकाश गळत होत्या आणि खाडीच्या पाण्यातल्या, म्हणजे ज्यांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता त्या, त्याहून भराभर गळत होत्या. जगभरातल्या निबंधांत नेमकं उलट लिहिलेलं. मी पुन्हा मोजलं, तेच. मग माझ्यातला कोकणी अभिमान जागा झाला. आमच्या तिसऱ्या वेगळ्याच, असा निष्कर्ष मी काढला आणि त्याला शोभेलसं लांबलचक शीर्षक दिलं.

निबंध परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकाकडे गेला. परीक्षकांच्या शंका आल्या, मी उत्तरं दिली. त्यातल्या एकाने लिहिलं होतं की निष्कर्ष अनपेक्षित आहे, पण मांडणी प्रामाणिक वाटते. ते वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. एप्रिलमध्ये निबंध स्वीकारल्याचं कळलं. कॉलेजने फलकावर लावलं, शाल-श्रीफळ दिलं, स्थानिक पेपरात माझा डोळे मिटलेला फोटो आला. बायकोने बिल्डिंगभर पेढे वाटले.

मे महिन्यात प्रुफं आली. सोबत संपादन करणाऱ्यांचे बारीकसारीक प्रश्न होते, दोन दिवसांत उत्तर हवं होतं. रविवारची दुपार होती. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो, समोर बायको आंब्याच्या फोडी करत होती. स्वल्पविराम, स्पेलिंग, एका आकृतीतली रेघ, असं उरकत मी सातव्या प्रश्नाला आलो आणि मोठ्याने वाचलं, की सकाळी दुसऱ्या गटातल्या तिसऱ्या काढल्या तेव्हा पाण्याचा खारेपणा किती होता, ते कृपया द्यावं.

“खाडीवर मोजला होता,” मी स्वतःशीच म्हणालो. “सकाळी परत कशाला मोजायचा? पाणी तर तेच.”

“मीठ घातल्यावर तेच कसं असेल?” बायको म्हणाली. तिने फोड ताटलीत ठेवली आणि पुढचा आंबा घेतला.

मी विचारलं, कसलं मीठ.

“अहो, तिसऱ्यांना मीठ घालतात. रेती सोडायला. दोन मुठी जाडं मीठ. प्रत्येक वेळी घातलं मी.”

बायको केळशीची. तिच्या माहेरी तिसऱ्या बादलीत पडल्या की मीठ पडतंच, त्यात विचारण्यासारखं काय आहे. बादलीतलं पाणी आधीच खारं आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि न्हाणीघरातल्या बादलीतलं पाणी चाखून बघण्याची पद्धत केळशीतही नाही. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. वर जेवताना त्याच बादलीतल्या उरलेल्या तिसऱ्यांची मिटक्या मारत तारीफ केली होती, की काय स्वच्छ झाल्यात, दाताखाली एक कण नाही.

ज्यांना काही करायचं नव्हतं, त्यांना रात्रभर खारवलं होतं. त्यांच्या पेशी गळणारच. आमच्या तिसऱ्या वेगळ्या नव्हत्या, आमची बादली वेगळी होती.

मी लॅपटॉप बंद केला. बायकोने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आंब्याकडे, मग म्हणाली, “म्हणजे आता माझ्यामुळे गेलं का तुमचं?”

मी नाही म्हटलं. पण ते पटेल अशा आवाजात म्हणायला मला थोडा वेळ लागला, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याला गाठलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं की हे आणखी कुणाला माहीत आहे. मी म्हटलं, बायकोला. तो म्हणाला मग झालं तर, खाडीवर मोजलेला आकडा लिहून दे. “तुझ्या न्हाणीघरात कोण येतंय बघायला?” त्याचा हेतू वाईट नव्हता. शाल त्यानेच घातली होती मला.

खोटं सांगत नाही, घरी येताना तो आकडा मी मनात दोन-तीनदा लिहून पाहिला. एक आकडा, त्यापुढे एक टिंब, संपलं. निबंध जूनमध्ये छापून आला असता. पण मग कधीतरी कुणी चिलीत किंवा जपानात बसलेला माझ्यासारखाच मास्तर तो वाचणार, आपल्या तिसऱ्यांवर तेच करून बघणार, आणि त्याला ते जमणार नाही. तो स्वतःलाच दोष देणार. कारण आपल्या घरी मीठ घातलं नाही, हे त्याला कुठून कळावं? आणि मंगळवारी कुणी वाचत नाही अशा जागा सोडून मी इथे आलो होतो ते कशासाठी? इथे एका माणसाने सातवा प्रश्न विचारला होता. त्यालाच थाप मारायची?

संध्याकाळी मी पत्र लिहायला बसलो. संपादकांना कळवलं की निबंध छापू नये, मी तो मागे घेतो. कारण देताना लिहिलं, घरातल्या एका व्यक्तीने अनवधानाने पाण्यात मीठ घातलं.

बायको मागे उभी राहून वाचत होती. “घरातली एक व्यक्ती म्हणजे?”

“तू.”

“अनवधानाने नाही घातलं मी. नीट लक्ष देऊन घातलं. प्रयोगाची बादली स्वयंपाकात आणली कुणी? ते लिहा.”

मी ते वाक्य खोडलं. तिथे लिहिलं की प्रयोगाचे प्राणी आणि खाण्याचे प्राणी मी एकाच बादलीत ठेवले, आणि सकाळी पाण्याचा खारेपणा मोजला नाही. दोन्ही चुका माझ्या. तिने पुन्हा वाचलं, मान हलवली आणि चहा टाकायला गेली. मी पाठवायचं बटण दाबलं.

संपादकांचं उत्तर चार दिवसांनी आलं, अगदी सभ्य. आधीच कळवल्याबद्दल आभार. प्रयोग नव्याने करून पाठवलात तर नवा लेख म्हणून विचार करू, स्वीकारूच असं नाही. प्राचार्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी फलकावरचा कागद काढायला लावला, शाल परत मागितली नाही. बिल्डिंगमध्ये मात्र पुढे कित्येक दिवस लोक विचारत, सर, आला का छापून? मी सांगायचो, नाही, चूक निघाली. पहिल्या दहा जणांना सांगताना जीभ जड व्हायची. नंतर मी आणि बायको मिळून तो किस्सा रंगवून सांगायला लागलो. तिचा अभिनय माझ्यापेक्षा सरस होता, विशेषतः माझा.

पावसात खाडीचं पाणी सगळं गोडं होतं, काही करता येत नाही. चार महिने मी बसून राहिलो नाही. बिघडलेला पंप दुरुस्त केला, दोन नवे घेतले, टबांवर आकडे रंगवले, आणि वहीत एक पान फक्त खारेपणासाठी आखलं. संध्याकाळी किती, सकाळी किती, कुणी मोजला. दिवाळीनंतर मावशींना निरोप धाडला. या वेळी सगळ्या तिसऱ्या बघायच्याच, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग जाडजूड कशाला, बारक्या न्या.

आणि मी एक तिसरा गट वाढवला. मीठ घातलेला. गेल्या हिवाळ्यात नकळत जे मोजलं होतं ते आता उघडपणे मोजायचं. पण मीठ किती? दोन मुठी असं निबंधात लिहिता येत नाही. म्हणून एका शनिवारी मी बायकोला जाड्या मिठाच्या पिशवीसकट प्रयोगशाळेत नेलं. वजनकाट्यावर कागद ठेवला आणि म्हटलं, घरी घालतेस तसंच घाल, दोन मुठी. असं पाच वेळा.

“एवढ्यासाठी साडी बदलायला लावलीत?” ती म्हणाली. पण घातलं तिने, काट्याकडे न बघता, खिडकीबाहेर नजर ठेवून. मी आकडे लिहीत गेलो. पाचही वेळा वजन जवळजवळ सारखं. माझ्या हातून पिपेटने इतकं सारखं पाणी कधी पडलेलं नाही. मी तसं तिला सांगितलं.

“तीस वर्षं आमटी खाताय. तेव्हा नाही कळलं?”

हिवाळाभर मी मान मोडून मोजत बसलो. खाडीच्या साध्या पाण्यातल्या पेशींनी रंग उत्तम धरला. गोड्या पाण्यातल्या गळल्या. खारवलेल्या त्याहून लवकर गळल्या. म्हणजे आमच्या तिसऱ्या जगातल्या इतर तिसऱ्यांसारख्याच निघाल्या. वेगळेपण गेलं, लांबलचक शीर्षक गेलं. उरला एक लहानसा, सरळ निबंध, ज्यात सांगितलं होतं ते मावशींनी मला चिखलात उभं राहून फुकट सांगितलं असतं. फक्त त्यात पेशीच्या आत काय होतं तेही होतं, आणि वहीतल्या त्या पानावरची एकही चौकट रिकामी नव्हती.

मोठ्या नियतकालिकाने तो परत पाठवला. काम नेटकं, पण नवीन काही नाही. मला वाईट वाटलं, आणि तो निकाल योग्य आहे असंही वाटलं. त्याच आठवड्यात मी तो एका लहान पण परीक्षक वाचतात अशा ठिकाणी पाठवला. परवा त्यांच्या शंका आल्या, एकूण बावीस. अठरांची उत्तरं वहीत आहेत. तीन शंकांसाठी आकृत्या पुन्हा काढाव्या लागतील. शेवटच्या शंकेत परीक्षक म्हणतात की पाऊस सुरू व्हायच्या तोंडाशी हाच प्रयोग एकदा करून दाखवावा, तेव्हा पेशी बहुधा वेगळ्या वागतील. हे मला सुचायला हवं होतं.

मावशी म्हणाल्या, मंगळवारी ओहोटी सकाळी नऊच्या सुमाराला आहे, उशीर करू नका. मी रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. टब धुऊन वाळत घातले आहेत. बायको म्हणते, या वेळी ती खाडीवर येणार, आणि स्वतःच्या खाण्यासाठी वेगळी पिशवी भरून आणणार.