फुलांच्या ओसरीचा कर

माझी आई हार करते, पण तिचं दुकान नाही. एवढं साधं वाक्य मला वर्षभर लोकांना समजावून सांगावं लागलं.

आमचं माहेरचं घर अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी आहे. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. मी अकोल्याला शाळेत शिकवते, धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत आहे. मळ्यातून शेवंती-झेंडूच्या टोपल्या पहाटे घरी येतात आणि समोरच्या ओसरीत बसून आई हार गुंफते. गल्लीतल्या दोघी जणी तिच्या सोबतीला असायच्या. हार तयार झाले की बाजारातला फुलवाला माणूस पाठवून घेऊन जातो. गिऱ्हाईक म्हणून कोणी आमच्या दारात कधी उभं राहिलेलं नाही.

पालिकेने घरं मोजायचं काम एका कंपनीला दिलं होतं. त्यांची माणसं नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. ओसरी झेंडूने भरलेली होती. त्यांनी फीत लावली, दोन फोटो काढले. आईने चहा विचारला, तो प्याले आणि गेले. तुम्ही इथे काय करता, एवढंही कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी घरपट्टीचं बिल आलं ते कितीतरी पटीने वाढून. ‘वापर : वाणिज्य’ असं त्यावर छापलेलं होतं.

आईने मला काही कळवलं नाही. नळ कापतील, जप्ती आणतील, असं कोणीतरी तिच्या मनात भरवून दिलं होतं. तिने गुपचूप सगळं भरून टाकलं. वर त्या दोघींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, ओसरीत बसलं की सरकारला दुकान दिसतं. मी दिवाळीला गेले तेव्हा ती आतल्या खोलीत, खिडकी लावून, दिव्याखाली एकटी हार करत बसली होती.

“इथं काहून बसली माय?”

“बाहेर बसलं की टॅक्स लागते बाई.”

ते ऐकून माझ्या अंगाची आग आग झाली. आयुष्यभर कोणाचं एक फूल फुकट न घेतलेली माझी आई स्वतःच्याच घरात चोरासारखी बसली होती.

हरकत घ्यायची मुदत सुदैवाने उरली होती. मी अर्ज लिहिला, सुनावणीला तिला घेऊन गेले. अधिकाऱ्याने आम्ही नेलेले घराचे फोटो पाहिले, माणूस पाठवून घर पाहून घेतलं आणि म्हणाला, “हे तर राहतं घर आहे. वाणिज्य कोणी लिहिलं?” खोलीत पालिकेचे चार जण उभे होते. चौघेही पंख्याकडे पाहत राहिले. कर उतरला, बिल दुरुस्त झालं. आता जास्तीचे भरलेले पैसे परत घ्यायचे, एवढंच राहिलं, असं मला वाटलं. मी किती भाबडी होते!

खिडकीतला बाबू म्हणाला, “मॅडम, परत कशाला मागता? पुढच्या बिलांत वळते होतील.”

आईने विचारलं, “किती वर्सं?”

त्याने हिशेब करून वर्षं सांगितली. आई खिडकीशी वाकली. “तवरोक मी राह्यते का रे बाबू? मले माहे पैसे आत्ता पाह्यजे.”

तो हसला. त्या हसण्याने मी पेटले. वळते नकोत, परतावाच हवा, असं तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. मग सुरू झाले हेलपाटे. साहेब दौऱ्यावर, फाईल लेखापालाकडे, लेखापाल रजेवर. शाळेची रजा टाकून मी एसटीने जायची आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परत यायची. शेवटी आईला सोबत घेऊन गेले तेव्हा लेखापाल भेटला आणि त्याने नवीनच सांगितलं. घर बाबांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत, म्हणून पैसे आईला देता येणार नाहीत. वारस नोंद करा, मुलाचं संमतीपत्र आणा.

“बिल कोणाच्या नावाने काढलं होतं?” मी विचारलं.

“त्यांच्याच.”

“मग घेताना नाही आठवलं ते वारलेत म्हणून?”

“मॅडम, आवाज खाली ठेवा.”

मी आवाज खाली ठेवला नाही. आईने माझा हात धरला, तोही सोडवून घेतला. तिच्यासमोर मी असं कधीच बोलले नव्हते. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली.

घरी येऊन भावाला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, सोड ना. एवढ्या पैशांसाठी किती मनस्ताप! मी पाठवतो आईला तेवढे.”

त्या दिवशी पालिकेपेक्षा मला त्याचा जास्त राग आला. “तू पाठवशील ते तुझे असतील,” मी म्हणाले. “तिचे त्यांनी घेतलेत. गुपचूप सही करून संमतीपत्र पाठव.” मागून आई म्हणत होती, “भांडू नको वं त्याच्याशी.” पण फोन ठेवल्यावर तीच म्हणाली, “त्याले काय समजते? हे बोटं त्याचे नाईत.” आणि दोऱ्याने चिरलेली बोटं पदराला पुसून ती स्वयंपाकाला लागली.

भावाने कागद पाठवला, वारस नोंद झाली, पुढच्या उन्हाळ्यात पैसे आईच्या खात्यात आले. व्याज नाही. आपण उशिरा भरलं की महिन्याच्या महिन्याला शास्ती लावतात. मी लेखी विचारलं, आमच्या पैशांवर इतके महिने बसलात त्याचं काय? एका ओळीचं उत्तर आलं : तशी तरतूद नाही. चूक झाली, असा शब्दही कुठे नव्हता.

आईने त्या दोघींना परत बोलावणं धाडलं. एक आली. दुसरीने तोवर कापसाच्या जिनिंगमध्ये काम धरलं होतं. तिला आता पहाटे निघावं लागतं.

“पैसे आले ना आता?” आई मला म्हणाली. “मंग काहून फणफणून राह्यली?”

माझं फणफणणं थांबणार नव्हतं. कारण त्याच दिवशी शेजारचे काका त्यांचं बिल घेऊन आले होते. काकू खिडकीशी बसून गल्लीतल्या बायांचे झंपर शिवते. त्यांच्याही बिलावर तेच, ‘वाणिज्य’. दोन बिलं त्यांनी निमूट भरली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन पालिकेत गेले. खिडकीत तोच बाबू होता. त्याने कागद उलटा-सुलटा केला आणि परत सरकवला.

“यांची हरकतीची मुदत संपली, मॅडम.”

काका लगेच वळले, “चाल बाई, जाऊ दे.”

“थांबा काका,” मी म्हणाले आणि तिथलीच एक खुर्ची ओढून खिडकीसमोर बसले. “मुदत असते हे यांना कधी, कोणी सांगितलं होतं, ते मला लिहून द्या. तोवर मी उठत नाही.”