‘विल’ न लिहिणारे अण्णाराव

नाव : अण्णाराव गुरुशांत बिराजदार. पद : पत्रव्यवहार सहायक (तात्पुरते). कार्यस्थळ : अक्कलकोट रोडवरील टॉवेलचा एक कारखाना. कर्तव्ये : मालकांच्या तोंडी आश्वासनांचे परदेशी ग्राहकांसाठी लेखी इंग्रजीत रूपांतर करणे. दोष : खात्री करून घेतल्याशिवाय खात्री देत नाहीत.

हा दोष त्या दिवशी मालकीणबाई सुकन्याताईंना फारच खुपला. जर्मनीतल्या हॉटेलवाल्यांनी विचारलं होतं, वीस हजार निळे टॉवेल पंधरा सप्टेंबरला निघतील का? ऑर्डर मिळाली तर दिवाळीपर्यंत मागांना उसंत नव्हती. हुकली तर अर्धे माग बंद ठेवावे लागणार होते.

“काका, ‘विल’ लिहा अन् मोकळे व्हा.”

अण्णारावांनी चपला घातल्या आणि रंगखात्याकडे निघाले. इंग्रजीतली शक्यता ते शब्दकोशात शोधत नसत, रंगमास्तर तिप्पण्णाच्या तोंडावर वाचत. हातातलं काम न सोडता तो “हुतंय” म्हणाला, की ‘विल’, म्हणजे होणारच. हात पुसून “हुईल की” म्हणाला, तर ‘मे’; होईलसं दिसतंय. आधी आभाळाकडे बघितलं, तर ‘माइट’. झालं तर झालं.

तिप्पण्णाने आभाळाकडे बघितलं. मग बोअरकडेही बघितलं.

“निळ्याला पाणी लई लागतंय, अण्णा. बोअर टिकलं तर हुईल.”

“आणि टँकर लावला तर?”

“मग हात पुसतो की.”

अण्णारावांनी ‘माइट’ लिहिलं. खाली कारण दिलं, पाणी. टँकरची सोय झाली तर ‘मे’, हेही लिहिलं.

“काका, आपण टॉवेल विकतोय का शंका?” ताई म्हणाल्या. “बाकीच्या कारखान्यांनी ‘विल’च लिहिलं असणार.”

“असणार नव्हे ताई, असेल. त्यांची पत्रं कुठं बघितलीत आपण?”

ताईंना तो शब्द एका बोटाने बदलता आला असता. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर पत्र पुन्हा वाचलं आणि जसंच्या तसं पाठवलं. पुढचे चार दिवस त्या अण्णारावांशी कामापुरतंच बोलल्या, आणि काम फारसं नव्हतं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. खरेदी बघणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, पाण्याचा उल्लेख तुम्हीच तेवढा केलात. तारीख तीस सप्टेंबर धरू, टँकर लावा.

टँकर लागले. माल सव्वीसला निघाला. मागांची धडधड दिवाळीपर्यंत थांबली नाही.

अण्णारावांच्या पदापुढच्या कंसातलं ‘तात्पुरते’ अजून तिथंच आहे. यंदा त्याला एकवीस वर्षं झाली.