पेवातली ओ

भर थंडीतही मी अंगणात झोपायची. दार लावलं की माझा श्वास अडकायचा, त्याला मी तरी काय करणार? घोंगडीत मुटकुळं करून पडलेलं मला बघून थोरली बहीण, आमची अक्का, म्हणायची, "लग्नात हुंडा देऊ नगा, नवऱ्याला एक अंगण बांधून द्या." गावातल्या बायका म्हणायच्या, पोरीला काहीतरी धरलंय. मला सगळ्यांचाच राग यायचा. त्या पुरतं खोटं बोलत नव्हत्या, म्हणून जास्तच.

आमचं गाव कोहिनूर गावाच्या अलीकडचं. गडबडीच्या वर्षी, म्हणजे गावोगाव लुटालूट नि जाळपोळ चालली होती तेव्हा, एका दुपारी आईनं मला रिकाम्या पेवात उतरवलं होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत पोट खोलीएवढं. "कुणीबी हाक मारली तरी ओ देऊ नको," असं बजावून तिनं तोंडावर फरशी सरकवली आणि अक्काला घेऊन ज्वारीच्या रानात लपायला गेली.

दिवस कलताना वर पावलं वाजली. "बाळे, हायस का?" आवाज अप्पांचा होता, म्हणजे माझ्या वडिलांचा. तरी मी परकराचा बोळा तोंडात धरून गप्प बसले. अप्पा पुन्हा पुन्हा हाका मारत राहिले आणि शेवटी रडत निघून गेले. आईनं येऊन फरशी काढली तेव्हा मला तोंड उघडताच येईना. पुढच्याच वर्षी आई तापानं गेली. ओ देऊ नको हे तिचं सांगणं मागं घ्यायला कुणी उरलं नाही.

पुढं गुलबर्ग्याला मास्तरणींच्या शिक्षणासाठी माझं नाव लागलं. मला जायचं होतं, फार जायचं होतं. पण तिथं वसतिगृहात राहायचं आणि दिवेलागणीला खोलीला कडी लावायची असा नियम होता. अप्पा म्हणाले, "जमत नसलं तर न्हाई म्हणून कळवू." त्यांच्या मऊपणानंच मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात पेव उघडायचं होतं, तेच पेव. आदल्या दिवशी तोंड मोकळं करून आतली कोंदट हवा जाऊ दिली होती. सकाळी दोरीला कंदील बांधून आत सोडला. ज्योत विझली तर माणसानं उतरायचं नाही. ती विझली नाही.

"मी उतरते," मी म्हणाले.

"कामून? गडी हाय की."

"मला बघायचंय."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या कमरेला स्वतःच्या हातानं दोर बांधला. पेवाचा एक रिवाज आहे. वरच्यानं सारखं विचारायचं, हायस का, आणि खालच्यानं हाय म्हणायचं. ओ आली नाही की दोर ओढायचा. पेवातल्या वाईट हवेत माणूस झोप लागल्यासारखा मरतो.

खाली ऊब होती आणि आंबूस वास. मी टोपली भरत होते, अप्पा विचारत होते, मी हाय म्हणत होते. एकदा वर बघितलं तर पेवाच्या तोंडावर कुणीतरी वाकलेलं, आणि फरशी सरकवल्यासारखा वरचा उजेड गेला.

"हायस का?"

मला ओ देता येईना.

"बाळे, हायस का?"

"हाय, अप्पा," माझ्या पाठीमागून आवाज आला. बारीक, लहान पोरीचा, तोंडात कापड असल्यासारखा. मी वळले. कंदिलाच्या उजेडात भिंतीला लावलेला कडबा तेवढा दिसला. अंगावर काटा आला. पण दोर कुणी ओढला नाही, आणि मला पळावंसंही वाटलं नाही. ती कोण ते मला कळलं होतं. पेवात लपवलेली ती पोर ओ द्यायला इतकी वर्षं तिथंच थांबली होती. मला तिची फार कीव आली. मी पुन्हा टोपली भरायला घेतली, आणि पुढच्या हाकेला माझ्याच आवाजात हाय म्हणाले.

वर आल्यावर अप्पा दोर सोडत म्हणाले, "मधी एकदा आवाज लई बारीक झालता तुझा. लहानपणी असायचा तसा." मी म्हणाले, "गुलबर्ग्याला जाते मी."

वसतिगृहात पहिल्या दिवेलागणीला कडी लागली. श्वास अडकायला लागला. मी भिंतीकडं तोंड करून हळूच विचारलं, "हायस का?" कितीतरी वेळ वाट बघितली. कुणी बोललं नाही.

मग मीच म्हणाले, "हाय."